धूर बंद करून मिळेल

"दाजींच्या गाडीचा धूर तुम्ही सकाळी बंद केलात म्हणे. माझ्याही गाडीचा करा. त्यांच्यापेक्षा जास्त."

येमुल सरांनी हातभर लांबीची लाल गाडी माझ्या टेबलावर ठेवली. सरांचा टॉवेलचा कारखाना आहे, वय पन्नास, आणि वेड रिमोटच्या गाड्यांचं. बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, त्यांनाही तेच वेड. संध्याकाळी पाचला मैदानावर दोघांची दहा फेऱ्यांची रेस होती. हरणाऱ्यानं आपली गाडी जिंकणाऱ्याला देऊन टाकायची.

"लग्नात अंगठी दिली, घड्याळ दिलं," सर म्हणाले. "गाडी देणार नाही."

सोलापुरात कार्बोरेटर म्हटलं की माझं नाव निघतं. मोडनिंबला बंद पडलेली मोटारसायकल मी इथून फोनवर नुसता आवाज ऐकून चालू केली आहे. गॅरेजवर पाटीच आहे : 'धूर शंभर टक्के बंद करून मिळेल.' पीयूसीवाला रस्ता ओलांडून मला नमस्कार करतो.

या गाडीत खरं इंजिन असतं, अंजिराएवढं. त्याला पेट्रोल नाही, नायट्रो नावाचं इंधन लागतं. कार्बोरेटरवर एक बारीक स्क्रू असतो, नीडल. ती उघडली की इंधन जास्त जातं, त्याला म्हणतात रिच. आवळली की कमी, ते लीन. धूर निघतोय म्हणजे रिच. शास्त्र संपलं. सकाळी दाजींची नीडल आवळली होती, सरांची त्याहून थोडी जास्त आवळली.

गाडी गल्लीत सोडली. अशी सुटली की त्या दिवशी पळालेल्या कोंबड्या अजून परतलेल्या नाहीत. धूर औषधालाही नाही. मी मिशीवरून हात फिरवला.

तिसऱ्या चकरेला इंजिन शिट्टीसारखं किंचाळलं आणि थांबलं.

सरांचा चेहरा ब्लीच केलेल्या टॉवेलसारखा झाला. घड्याळात तीन वाजले होते. इंजिन इतकं तापलं होतं की जवळ उभं राहून माझा शर्ट इस्त्री झाला. मी पाण्याचा तांब्या उचलला.

"मिस्त्री, खाली ठेवा त्यो तांब्या."

या महानंदाबाई. गॅरेजच्या शेजारी कडक भाकरीचं दुकान चालवतात.

"तापल्या तव्यावर तांब्या वततात व्हय? चिरंल की." त्यांनी बोट बुडवून इंजिनाच्या डोक्यावर एकच थेंब सोडला. चस्स. पडायच्या आत गायब. "लई तापलाय. थेंब चुरचुरत तीन आकडं टिकला तर तवा बराबर. ह्यात तेल न्हाय का?"

"तेल इंधनातच मिसळलेलं असतं, बाई."

"मग इंधन कमी केल्यावर तेल कुटनं मिळायचं त्याला?"

तरुणपणी मी टू-स्ट्रोक स्कूटरच दुरुस्त करायचो. पेट्रोलमध्ये तेल ओतायचं, मागून निळा धूर दिसला की समाधान, कारण पिस्टनपर्यंत तेल पोचतंय. हे अंजीरही टू-स्ट्रोकच. पुढची वीस वर्षं धूर बंद करण्यात गेली आणि तो कशाचा होता हेच मी विसरलो.

इंजिन आपोआप गार होऊ दिलं. नीडल भरपूर उघडली आणि मग घड्याळाच्या तासकाट्यासारखी एकेका आकड्याएवढी फिरवत आवळत आणली. प्रत्येक वेळी गल्लीत एक चक्कर, मग बाईंचा एक थेंब.

"अजून गार हाय. भाकरी चिकटंल."

सातव्या थेंबाला त्या म्हणाल्या, "एक, दोन, तीन. हां, आता टाका."

मागून निळ्या धुराची बारीक रेघ निघत होती. सरांना ती बघवेना. "दाजी हसतील हो."

दाजींवरून आठवलं. मी लगेच फोन लावला. "दाजी, सकाळी माझं चुकलं. नीडल जरा उघडून घ्या, इंजिन जाईल."

"येमुलनं सांगितलं वाटतं फोन करायला?" दाजी म्हणाले. "मला काय खुळा समजलास?" आणि फोन ठेवला.

रेसला दाजींची गाडी विजेसारखी सुटली. सरांची मागे, अगरबत्ती लावल्यासारखी धूर सोडत. दाजी खरंच हसले. पहिल्या तीन फेऱ्या हसले. चौथीला त्यांची गाडी किंचाळली आणि मैदानाच्या मधोमध थांबली. सरांची धूर काढत उरलेल्या सगळ्या फेऱ्या मारून आली.

दुसऱ्या दिवशी सर दोन्ही गाड्या घेऊन आले. एक सर्व्हिसिंगला, एक दुरुस्तीला. मागून दाजीही आले, नुसते बघायला.

"परत एकदा फोन केला असतास तर?" दाजींनी विचारलं.

"केला होता. तुम्ही उचलला नाही."

पाटी मी अजून काढलेली नाही, तिच्यावर धंदा चालतो. फक्त पेंटरकडून खाली बारीक अक्षरांत एक ओळ वाढवून घेतली : 'आधी शेजारच्या दुकानात विचारावे.'