निम्मी वाडी भट्टीवर

मंडळी, आज सकाळी खेडजवळच्या कातकरीवाडीत सभेला गेलो होतो. तिथल्या ओढ्यावर धरण बांधायचंय, म्हणून पाटबंधारे खात्याचे साहेब वाडीची संमती घ्यायला आले होते.

"सगळ्यांना मान्य ना?" साहेबांनी विचारलं.

म्हाताऱ्या सोनीबाय उठल्या. "सगळी हायत कुठं? निम्मी वाडी कोळशाच्या भट्टीवर गेलीय. पावसाआधी परततील, तवा इचारा."

आदिवासींना आधी विचारायचं, हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केल्याचं वाचलं होतं. घडताना आज पाहिलं. साहेब हसून म्हणाले, "बरं, तेव्हा येतो." जमलेली वाडी खुलली.

"जेवायला मात्र कोनाची वाट बघायची नाय," म्हणत सोनीबायनी खेकड्यांचं कालवण वाढलं.

तुमच्या गावात कधी कामाला गेलेल्यांसाठी सभा थांबलीय का?