बटणाशी बसणारा माणूस

फरशी कापायच्या मशीनला आमच्या घरमालकांइतका घाबरणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्या मशीनवर त्यांच्याइतकी माया करणाराही सापडायचा नाही. मशीन म्हणजे तरी काय, एका हातात मावेल एवढं. मागं मोटार, पुढं बशीएवढी चकती आणि चकतीवर पाणी सोडायला एक बारीक नळी. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. मिस्त्री लोक ते पिशवीत कोंबून मोटरसायकलला लटकवून नेतात. मालकांनी मात्र ते जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून हॉलच्या शोकेसमध्ये, चांदीच्या भांड्यांच्या वरच्या कप्प्यात ठेवलं होतं. घरी कुणी आलं की आधी पाणी, मग मशीनचं दर्शन, मग चहा. दर्शन देताना ते फडकं अर्धंच बाजूला करायचे आणि आवाज खाली आणून सांगायचे, "हत्ती कितीबी गरीब असला तरी हत्तीच हाय की. लाड करायचे, पण पायाकडं लक्ष ठेवायचं."

मी मूळचा मोडनिंबचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे सांगायला मला कधी संकोच वाटत नाही. वडलांनी बाजारात पोती उचलली आणि मी बी.कॉम.ला फर्स्ट क्लास काढला. सोलापुरात सरकारी ऑफिसात नोकरी लागली तेव्हा होटगी रोडला मालकांच्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली बघायला गेलो. जाताना मार्कशीटच्या झेरॉक्स, ऑफिसचं ओळखपत्र, सगळं घेऊन गेलो होतो. मालकांनी त्यातल्या एका कागदाकडं पाहिलं नाही. त्यांनी विचारलं, "एका जागी बसवतं का तुमाला?" म्हटलं, ऑफिसात दिवसभर तेच करतो. "बसल्या बसल्या डोळा लागतो का?" म्हटलं, नाही. "आन रविवारी सकाळी घरी असता?" माझी बायको रत्नागिरी जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षिका. बदलीसाठी दरवर्षी अर्ज करायची आणि दरवर्षी तिथंच राहायची. आमची गाठ पडायची ती सुट्ट्यांत. तेव्हा रविवारी मी खोलीत एकटा असायचो आणि बनियन धुऊन झाले की काय करावं ते कळायचं नाही. तसं मी सांगितलं. मालक खूश झाले. "मग खोली तुमचीच."

पहिल्याच रविवारी खुलासा झाला. मालक रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात झाली. शेवटची बरीच वर्षं होटगीच्या क्वार्टरमध्ये राहून त्यांनी सोलापुरात हे घर बांधलं, आणि रिटायर झाल्यावर घरातल्या शहाबादी फरश्या काढून नव्या गुळगुळीत फरश्या स्वतःच्या हातानं बसवायला घेतल्या. पण मशीन एकट्यानं चालवायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. कापणारा एक, आणि भिंतीवरच्या बटणाशी बसणारा दुसरा. काही झालं तर कापणाऱ्याचे हात गुंतलेले असतात, बटण दुसऱ्यानंच बंद केलं पाहिजे. इथवर कुणालाही पटेल. त्यापुढं मात्र मालकांची रेल्वे सुरू व्हायची. बटणाशी बसणाऱ्याच्या हातात ते एक हिरवा आणि एक लाल झेंडा द्यायचे आणि त्याला गार्ड म्हणायचे. "आणि तुम्ही?" मी विचारलं. "मी ड्रायव्हर!" मालक छाती काढून म्हणाले. "आयुष्यभर शेवटच्या डब्यात बसलो वो. पुढं काय चाललंय कधी दिसलंच न्हाय. आता तरी इंजिनात बसू द्या की."

ड्रायव्हरचा पोशाख हा एक सोहळाच होता. एरवी मालक लुंगीवर असायचे. पण सैल कपडा चकतीत गेला की माणूस मागनं जातो, म्हणून कापायच्या दिवशी लुंगीला रजा. पॅन्ट, पायात बंद बूट, बाह्यांची बटणं लावलेला शर्ट. घड्याळ आणि अंगठी काढून देवापुढं. मालक लिंगायत, गळ्यातलं इष्टलिंग काढायचं नसतं, म्हणून त्याचा दोरा बनियनच्या आत खोचून शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. हातमोजे नाहीत, कारण मोजा अडकला तर हात ओढून नेतो. मग चष्म्यावर मोठा गॉगल, तोंडाला मास्क, कानात कापूस. सोलापूरचा मे महिना, सकाळी नऊलाच अंगाची लाही व्हायची, आणि हा माणूस चंद्रावर निघाल्यासारखा आपल्याच स्वयंपाकघरात उभा. एकदा दूधवाला दारातून त्यांना बघून पातेलं तसंच ठेवून परत गेला.

मग तपासणी. पिन बोर्डातून काढलेली आहे ना, हे आधी बघायचं. मगच चकतीला हात लावायचा. चकती पेचकसाच्या लाकडी मुठीनं हळूच वाजवून कान लावायचा, तडा असला तर आवाज फुटका येतो म्हणे. वायर खांद्यावरून मागं घ्यायची, पाण्यात लोळू द्यायची नाही. पाणी तर पाहिजेच, कोरडं कापलं तर चकती तापते आणि धूळ छातीत जाऊन बसते. आणि सोलापुरात नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसतं. त्यामुळं मालक अंघोळीचं पाणी निम्मं करून मशीनसाठी पिंप भरून ठेवायचे. एका रविवारी पिंप रिकामं निघालं. मी म्हटलं, एवढा छोटा तुकडा आहे, कोरडाच कापू. मालकांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांना पोटच्या पोराला उपाशी ठेवायला सांगितलंय. "बेडा, बेडा," ते कानडीत नको नको म्हणाले आणि सगळा पोशाख उतरवून ठेवला. त्या दिवशी आम्ही नुसता चहा घेतला.

सगळं जमून आलं तर मी हिरवा झेंडा दाखवायचो, मालक हात वर करून उत्तर द्यायचे, मी बटण दाबायचो. मशीन आधी हवेतच पूर्ण वेगानं फिरू द्यायचं, मग फरशीवर टेकवायचं. चकतीच्या रेषेत उभं राहायचं नाही, किंचित बाजूला. आणि रेटायचं नाही, मशीन जाईल तसं जाऊ द्यायचं. "चढ हाय, चढ हाय, सावकाश," असं ते मशीनला मास्कमधून समजावत असायचे. तुकडा सुटला तरी चकती पूर्ण थांबेपर्यंत मशीन खाली ठेवायचं नाही. एकदा मी मध्येच मोबाइल बघितला. मालकांनी मशीन थांबवलं, गॉगल वर केला आणि माझ्याच हातातला लाल झेंडा घेऊन मलाच दाखवला. "गार्डनं फोन बघितला तर गाडीनं कुणाकडं बघायचं?"

एवढं सगळं करून एका रविवारात एक फरशी व्हायची, फार तर दोन. आणि खरं सांगायचं तर तीही वाकडी. दहाच्या दहा बोटं शाबूत आणि एकही कड सरळ नाही, अशी मालकांची कारागिरी. स्वयंपाकघरात लिंबू ठेवलं की ते आपोआप मोरीकडं चालायला लागायचं. त्यांचा मुलगा बेंगळुरूला असतो. तो फोनवर सांगायचा, अप्पा, मिस्त्री बोलवा, एका दिवसात सगळं घर करून देईल. मालक "बघू, बघू" म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर मला म्हणायचे, "एका दिवसात झालं तर सोमवारी काय करू?" मालकीणबाई जाऊन काही वर्षं झाली होती. शोकेसमधली चांदीची भांडी त्यांच्या माहेरची.

मिस्त्री लोकांवर मालकांचा राग होता, पण तो आईचा असतो तसला. समोर एका बंगल्याचं काम चाललं होतं. तिथला मिस्त्री पायात स्लीपर घालून, तोंडात बिडी, आणि फरशी चक्क पायानं दाबून धरून कापत होता. मालक लुंगीवरच रस्ता ओलांडून गेले आणि त्यांनी तिथला मेन स्विच खाली केला. मिस्त्री उसळला, "ए चाचा! क्या कर रै?" मालक शांतपणे म्हणाले, "भैया, पाय तुझा हाय का भाड्याचा?" "अरे चाचा, रोज का काम हय ये. कुछ नै होता." "व्हय, मलाबी दिसतंय रोजचं हाय. म्हणून तर दोन्ही पाय बघून घेतले आज." मिस्त्री हसला. मालक घरी आले, आपल्या फळ्या, शिकंजा आणि जुना गॉगल घेऊन परत गेले आणि फरशी शिकंज्यात आवळल्याशिवाय स्विच वर करू देईनात. त्या मिस्त्रीनं काम संपेपर्यंत मालक गॅलरीत असले की गॉगल घातला. नसले की काय करत होता, ते त्यालाच माहीत.

एकदा दिवाळीत मी रत्नागिरीला गेलो होतो. परत आलो तर फरशीवर पेन्सिलची रेघ आखून ठेवलेली, पाणी भरलेलं, पण काप नाही. मी म्हटलं, मालक, एवढ्या वर्षांचा हात आहे तुमचा, एखादी एकट्यानं कापली असती. त्यांनी रेघेवरची धूळ फुंकली. मग म्हणाले, "मालगाडीच्या मागच्या डब्यात दिवा पण धड नसायचा वो. बोलायला कुणी न्हाय. पण एखादं ठेसन आलं, की तिथला माणूस बाहेर येऊन हिरवी बत्ती धरून उभा असायचा. मी माझी दाखवायची. त्याला माझं नाव म्हाइत न्हाय, मला त्याचं न्हाय. गाडी थांबायची बी न्हाय. पण तेवढं झालं की पुढच्या ठेसनापर्यंत बरं वाटायचं." एवढं बोलून ते चहा ठेवायला आत गेले. मी बटणाकडं बघत बसलो. खोलीत वर एकटा असलो की मलाही कधी कधी वाटायचं, रविवार लवकर यावा.

आणि मग यंदा बायकोची बदली झाली. माढा तालुक्यात शाळा मिळाली. मीही खटपट करून टेंभुर्णीच्या ऑफिसात बदली मागून घेतली. तिथं आम्ही घर बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदा एका छपराखाली राहणार होतो, आनंद कुणाला होणार नाही? पेढे घेऊन मालकांकडं गेलो. त्यांनी पेढा तोंडात टाकला, "लई झ्याक झालं, लई झ्याक," असं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी गेटवर पाटी लावली: खोली भाड्याने देणे आहे. रविवारी सकाळी घरी असणाऱ्यासच.

खोली बघायला माणसं येत होती. खोली सगळ्यांना आवडायची, अट कुणालाच कळायची नाही. एक औषधं विकणारा तरुण आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, बटणासाठी माणूस कशाला? आता अ‍ॅपवरनं बंद-चालू होतंय की. मी लावून देतो." मालक म्हणाले, "अ‍ॅप समोर बसतं का?" शहराच्या पूर्वभागातनं, तेलुगू विणकरांच्या वस्तीतनं, एक नवं जोडपं आलं. दोघंही एकमेकांशी तेलुगूत बोलत होती आणि मालकांकडं बघून हसत होती. नवरा तयार होता. बायको म्हणाली, "रविवारी आमी आईकडं जातो ना काका." मालकांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. "जा की, आईकडं गेलंच पायजे." मी म्हटलं, मालक, अट काढा, खोली रिकामी राहील. ते म्हणाले, "राहू दे की रिकामी. खोलीला काय हुतंय?"

टेम्पो सोमवारी सकाळी यायचा होता. आदल्या दिवशी, रविवारी, मी नेहमीच्या वेळेला खाली गेलो. मालक पोशाख करून तयार होते. दाराजवळच्या कोपऱ्यातला तुकडा कापायचा होता. रेघ आखून झाली, चकती वाजवून झाली, मी हिरवा झेंडा दाखवला, त्यांनी हात वर केला, मी बटण दाबलं. मशीन हवेत घुमलं, आणि तेवढ्यात लाइट गेली.

"आधी बटण!" मालक ओरडले. मी बंद केलं, त्यांनी हातातलं बंद केलं. लाइट गेली की दोन्ही बटणं आधी बंद करायची, नाहीतर ती परत येते तेव्हा मशीन आपल्या मनानं सुरू होतं. मग त्यांनी मशीन फळीवर ठेवलं, कानातला कापूस काढला, मास्क खाली ओढला आणि उलट्या बादलीवर बसले. पंखा नाही, दोघंही घामानं निथळत होतो. टेंभुर्णीला पाण्याचं कसं आहे, त्यांनी विचारलं. बोअरचं आहे, मी सांगितलं. बाईंच्या शाळेला जायला गाडी हाय का? आहे, म्हटलं. "बरं," ते म्हणाले. मग ते कोपऱ्यातल्या उघड्या जागेकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं.

किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या हाताशी बोर्डावरचा तांबडा दिवा पुटकन लागला. पलीकडच्या घरात बंद पडलेला टीव्ही एकदम मोठ्यानं बातम्या सांगायला लागला. मालकांनी भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आली का वो लाइट?"

"नाही अजून," मी म्हटलं.

"मग बसा की निवांत," मालक म्हणाले, आणि त्यांनी गॉगल कपाळावर चढवला.