लॅटिनमधले मित्र

इंग्लंडमधल्या केंडल गावात लोकरीचं कापड रंगवणाऱ्या लँबर्ट ब्रेथवेटचे हात कोपरापर्यंत हिरवे असत. पुस्तकाला हात लावण्याआधी मात्र तो ते इतके घासायचा, की बायको मेबल म्हणायची, "लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढे धुतले नव्हतेत!"

माळ्यावर त्याची पुस्तकं होती. प्रवचनं, धूमकेतू, घोड्यांची दुखणी, काहीही वर्ज्य नव्हतं. सगळ्यांत लाडकं झाडपाल्याचं, पानोपानी चित्रं असलेलं. लँबर्ट शेजाऱ्यांना शिडी देई, घोडा देई, मेबलची तांब्याची कढईही परस्पर देई. पुस्तक? छे!

मोठे विद्वान पुस्तकावर आपल्या नावापुढे दोन लॅटिन शब्द लिहितात, हे त्याने लंडनहून आलेल्या एका पुस्तकात पाहिलं होतं. ती नुसती नक्षी समजून त्याने आपल्याही सगळ्या पुस्तकांवर स्वतःच्या नावापुढे काढली. पाद्रीबुवांनी एकदा ती पाहिली आणि पिंपं बनवणाऱ्या रोलंडला सहज तिचा अर्थ सांगितला: 'आणि त्याच्या मित्रांचं.'

दुसऱ्या दिवशी रोलंड दारात हजर.

"लँबर्ट, माझं झाडपाल्याचं पुस्तक दे."

"तुझं?"

"तूच लिहून ठेवलंयस. की मी मित्र नाही तुझा?"

हो म्हणावं तर पुस्तक जातं, नाही म्हणावं तर रोलंड. लँबर्ट सारवासारव करू लागला.

"अरे, ते लॅटिनमधले मित्र वेगळे असतात."

"लॅटिन येणारे? मग त्यात तूही नाहीस!"

मेबल हाताआड नाही, चांगली तोंडावर हसली. बायकोबद्दल बोलताना रोलंड मात्र गंभीर झाला. "अ‍ॅग्नेस अंथरुणातून उठत नाही रे. पुस्तक औषधाला नकोय. तिला फुलं बघायचीयत."

लँबर्टने पुस्तक आपल्या रविवारी चर्चला घालायच्या झग्यात गुंडाळलं आणि स्वतःच घेऊन गेला. खाटेशी बसून तो पानं उलटत राहिला. अ‍ॅग्नेसने अंगठा जिभेला लावून पान उलटलं, तेव्हा त्याने डोळे गच्च मिटून घेतले. उघडले, तर ती एका गुलाबावर बोट ठेवून स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती.

निघताना त्याने नुसताच झगा उचलला.

अर्ध्या वाटेवरून मात्र परत येऊन खिडकीवर टकटक केली. रोलंडचा चेहरा पडला. "न्यायला आलास?"

"नाही रे. वहिनींना सांग, उशाखाली ठेवू नका. शिवण उसवते."