टॉर्चची रेघ

गेल्या हिवाळ्यात माळावर रात्रभर कॅमेरा लावून काढलेले अडीचशे फोटो आज दुपारी एकदाचे सॉफ्टवेअरला दिले. हे सॉफ्टवेअर सगळे फोटो एकावर एक ठेवतं आणि प्रत्येक जागी सर्वांत उजळ ठिपका तेवढा राखतं. बघता बघता ध्रुवाभोवती ताऱ्यांच्या गोल रेघा उमटल्या.

आई मागे येऊन उभी राहिली. "तुझे बाबा होते ना रे बरोबर? ह्यात कुठेच दिसत नाहीत ते."

होते ना. थंडी घालवायला कॅमेऱ्यासमोरच येरझाऱ्या घालत होते. सुट्या फोटोंत त्यांची काळी आकृती आहेही. पण पुढच्या फोटोत त्याच जागी आकाश आलं, की सॉफ्टवेअर आकाश ठेवतं आणि बाबांना पुसतं. नियमच तसा आहे त्याचा, भांडायचं कोणाशी? बाबांना जाऊन पाच महिने झाले.

मग आईनेच पडद्यावर खाली बोट ठेवलं. गवतात एक बोटभर पिवळी रेघ होती. थर्मास शोधायला बाबांनी टॉर्च लावला होता, आणि मी ओरडलो होतो, "बाबा, तो टॉर्च बंद करा आधी, फोटो बिघडतील!"

त्यांनी लगेच बंद केला होता.