नव्वदीतली बाळंतीण

लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं. सासू दर महिन्याला विचारायची, "दिवस राहिले का?" चाळिशी उलटली की हे विचारणं थांबेल, एवढ्याच आशेवर मी होते.

एकदा आमच्या कुडवा गावात शेजारी राहणारी ख्रिस्ती नर्स मला धीर द्यायला बायबलमधली गोष्ट सांगू लागली. एका निपुत्रिक म्हातारीला मूल होईल असं दारी आलेले पाहुणे म्हणाले, तेव्हा ती तंबूच्या दाराआड हसली. पण नव्वदीत तिला खरंच मुलगा झाला.

मलाही हसू फुटलं.

"काऊन हासून राहिली?" सासू आतून ओरडली. "तिले नव्वदीत झालं, मंग तुले कायले नाही होनार?"

मी तेव्हा एकोणचाळीसची होते. त्या भल्या नर्सनं माझी शिक्षा पन्नास वर्षांनी वाढवली.