मेण लावलेली बाटली

एका जागी बसणं मला कधीच जमलं नाही, आणि नागावात बसण्याखेरीज दुसरं काही नव्हतं. वडील गेले, नारळी-पोफळीची वाडी गळ्यात पडली, म्हणून मुंबईचं कॉलेज आणि तिथली प्रयोगशाळा सोडून मी गावात शाळामास्तर झालो. सकाळी मुलांना त्रैराशिक, दुपारी रहाटाची कुरकुर, संध्याकाळी वाळूवर येरझारा. समोरच्या पाण्यातून मुंबईच्या बोटी जाताना दिसायच्या, आणि त्या पाहिल्या की जेवण गोड लागायचं नाही.

कॉलेज सोडताना आमच्या प्राध्यापकांनी एक जुना सूक्ष्मदर्शक माझ्या हवाली केला होता आणि म्हटलं होतं, "स्वतःच्या डोळ्यांनी काही नवीन पाहिलंस तर कळव. जागा काढू तुझ्यासाठी." त्या वाक्यावर मी दोन वर्षं काढली.

त्यांनीच एकदा वर्गात सांगितलं होतं की परदेशात एक नवा तर्क चालू आहे. पृथ्वीवर आरंभी जीव नव्हताच. समुद्र होता, ऊन होतं, विजा होत्या. पाण्यात हळूहळू नाना द्रव्यं तयार होऊन साचत गेली आणि त्यातून कधीतरी पहिली पेशी झाली. हे मी बायकोला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे कुळथाचं कढण." मला राग आला, कारण उपमा चपखल होती आणि मला सुचली नव्हती.

ते कढण आपण बाटलीत करून पाहायचं असं मी ठरवलं. उकळून बंद केलेल्या पाण्यात जीव आपोआप उपजत नाही, हे केव्हाच सिद्ध झालेलं होतं आणि मला ते पाठही होतं. पण त्या लोकांनी पुरतं ऊन दिलं नसेल, आमच्या खाडीकाठच्या खाजणातला चिखल घातला नसेल, अशी मी माझी समजूत घातली. इथून सुटायची इतकी घाई झाली होती की मला काहीही पटलं असतं. चिखल, समुद्राचं पाणी, चिमूटभर नवसागर, सगळं दोनदा खळखळून उकळलं, बाटलीत भरलं, बूच मारून वरून मेण लावलं आणि बाटली पडवीच्या कठड्यावर उन्हात ठेवली. बायकोला बजावलं, "हिला हात लावायचा नाही. हिच्यात माझं सगळं आहे." आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिने मान हलवली.

चिखल तळाशी बसला, पण पाणी निवळ ते निवळच. शाळेतून आलो की चपला न काढता मी आधी कठड्यापाशी जायचो. मधे सूर्यग्रहण झालं. त्या दिवशी मी शाळेत मुलांना काजळी धरलेल्या काचांतून सूर्य दाखवला, राहू-केतूंची यथेच्छ टिंगल केली आणि खुशीत घरी आलो. नंतर चार-पाच दिवसांत पाणी गढुळलं. बुचावरचं मेण जरा वेगळं बसलेलं दिसलं, पण उन्हाने पाघळलं असेल म्हणून मी ते सोडून दिलं.

बाटली उघडून एक थेंब काचेवर घेतला. भिंगाखाली बारीक, फिकट दाणे वळवळत होते. त्यातला एक मधोमध बारीक झाला आणि एकाचे दोन झाले. बाटली पुन्हा बंद केली आणि लगेच प्राध्यापकांना पत्र लिहिलं. आठवड्यात उत्तर आलं, बाटली घेऊन ताबडतोब निघ.

निघायच्या दिवशी बायको बाटलीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळत होती. रडून डोळे सुजले होते, तरी गाठ घट्ट मारत ती म्हणाली, "अहो, मुंबईत ग्रहण लागलं तर हिच्यात तुळशीचं पान कोण घालणार?"

"पान?"

"ग्रहणात पाणी बाधतं. घरातल्या सगळ्या पाण्यात घातलं, मग हिच्यातच कसं नाही घालायचं? तुमचं सगळं आहे ना हिच्यात. ग्रहण सुटल्यावर काढलं मी. मेणही परत नीट लावलं."

ते जीव तुझ्या पानावरूनच आले, असं ओरडून मी तिला काय नाही ते बोललो. माझ्या जन्माचं वाटोळं केलंस, असंही म्हणालो. तिचा चेहरा पांढराफटक पडला. नक्की काय बिघडलं ते तिला कळलं नसावं, पण आता माझं जाणं राहणार एवढं कळलं. हळूच म्हणाली, "मग कुणाला सांगू नका. मी नाही सांगायची."

मी बाटली उचलली आणि टांग्यात बसलो.

रेवसच्या धक्क्यापर्यंत मी मनात एकच प्रश्न घोळवत होतो. प्राध्यापक विचारणार, मधे कुणी उघडली नव्हती ना? आणि मी म्हणणार, नाही. वाटभर ते "नाही" मी निरनिराळ्या आवाजांत म्हणून पाहिलं. एकदाही ते खरं वाटलं नाही. बोट लागली, माणसं चढली. खलाशाने विचारलं, "मास्तर, येताय का न्हाय?" मी माझ्या पेटीवर कागद ठेवून खरं ते चार ओळींत खरडलं, पाकिटावर कॉलेजचा पत्ता घातला आणि ते त्याच्या हातात दिलं.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. बायको पडवीत बसली होती. मी बाटली कठड्यावर ठेवली आणि तिच्याशेजारी टेकलो. सकाळच्या बोलण्याची माफी मागायला हवी होती. ती मी मागितली नाही, नंतरही कधी नाही, आणि त्याची लाज आजही वाटते.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "ते जीव पानावरून आले ना? मग पानावर कुठून आले?"

"त्यांच्या आधीच्या जीवांपासून."

"आणि ते?"

"त्यांच्याही आधीच्या."

"मग अगदी पहिला?"

"ते कळलं असतं तर मी आत्ता बोटीत नसतो का?" मी खेकसलो.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. आत चुलीवर एकटीपुरतं आधण होतं. त्यात आणखी तांदूळ घालायला ती उठली.