इंगोलेभाऊंचा कान

दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरला इंगोलेभाऊ आधी कान लावत. एका बाजूचा पत्रा काढायचा, वायर जोडायची, बटण दाबायचं आणि डोळे मिटून, वाकून डावा कान हार्ड डिस्कपाशी न्यायचा. गिऱ्हाईक बोलत असलं तर हाताच्या पंजाने त्याला गप्प करायचं. वाशीमच्या बसस्टँडमागची आमची गल्ली. एसटीचे हॉर्न, ऑटोवाल्यांच्या हाका, समोरच्या रसवंतीचे घुंगरू. एवढ्या गोंगाटात त्यांना काय ऐकू येई देव जाणे, पण मिनिटभराने ते उठत आणि सांगत, "जगते हे," नाहीतर, "हिचे दिवस भरले." पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसून म्हटलं होतं, "भाऊ, नाडी पाहता का?"

"तू फोटो काढतानी एक डोया मिटतं का नाई?" ते म्हणाले. "मंग? मी दोन मिटतो."

त्यांच्या दुकानाला लागून माझा फोटो स्टुडिओ. मधे एक भिंत, आणि चौदा वर्षं रोज चार वाजताचा अर्धा-अर्धा चहा. ते मूळचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे. पुढे टीव्ही कोणी दुरुस्तीला आणेना, तेव्हा चाळिशीत कॉम्प्युटर शिकले. कोणाकडे शिकले म्हणाल तर बंद पडलेल्या कॉम्प्युटरांकडेच. अंगाने उंच, सहा फुटांच्या वर, त्यामुळे दुकानात कायम वाकलेले. तोंडाने फटकळ. आमच्याकडे कॉम्प्युटर सुस्त झाला, अडकला, व्हायरस शिरला, काहीही झालं तरी लोकांना एकच इलाज ठाऊक: विंडोज मारा, म्हणजे जुनी पुसून नवी टाका. गिऱ्हाईक पायरीवरूनच ओरडे, "भाऊ, विंडोज मारून द्या!" की इंगोलेभाऊ भडकत. "काहून मारू? तिनं काय केलं तुहं? पोट दुखलं का डोकं दुखलं, सुई एकच!"

मग पंजा वर करून ते ठरलेला प्रश्न विचारत, "याच्यात असं काय हाय, जे दुसरीकडं कुठीच नाई?" लोकांना या प्रश्नाचा राग येई. विंडोज टाकायला आलो, चौकशा कशाला? कोणी ऐटीत सांगे, "सारं डी ड्राइव्हमधे आहे भाऊ, तुम्ही बिनधास्त सी उडवा." सी आणि डी म्हणजे दोन वेगळी कपाटं, एकाला आग लागली तरी दुसरं शाबूत, अशी गावाची पक्की समजूत. माझीही तीच होती. "अरे, एकच ताट हाय ते," इंगोलेभाऊ म्हणत. "भात एकीकडं, भाजी एकीकडं. ताट सांडल्यावर भात वाचते का?"

आणखी एक सवय होती त्यांना. तपासलेल्या प्रत्येक डिस्कवर ते पांढरी चिकटपट्टी लावून तारीख आणि एक आकडा लिहीत. डिस्क आपण किती वेळा चालू झालो हे स्वतःच्या पोटात मोजून ठेवते. तो आकडा. "माणूस खोटं सांगते," ते म्हणत, "डिस्क नाई सांगत."

माझ्या धंद्याचंही एक सांगितलं पाहिजे. लग्नाचे फोटो आम्ही काढतो खरे, पण त्यांचं खरं काम पुढे पडतं. घरात कोणी गेलं की दुसऱ्या दिवशी माणसं दारात उभी राहतात. फ्रेम करायला गेलेल्याचा धड एक फोटो नसतो. मग कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यातून मी त्यांचा चेहरा कापून काढतो, मागचा मांडव पुसतो, मोठा करून देतो. वाशीमपासून शिरपूरपर्यंत कितीतरी भिंतींवर मी असे कापलेले चेहरे टांगले आहेत. इंगोलेभाऊंचा मात्र चेहरा मला कधी मिळत नसे. कॅमेरा दिसला की ते काहीतरी दुरुस्त करायला खाली वाकत.

त्यांची एकुलती एक मुलगी, सुजाता. तिच्या लग्नातही ते वाकलेलेच. मंगलाष्टकं नाहीत, बँड नाही. बौद्ध पद्धतीचं साधं, वेळेवर लागलेलं लग्न. ऐन वंदनेच्या वेळी माइक घरघरायला लागला आणि वधूपिता ॲम्प्लिफायरच्या मागे जाऊन बसले. मी त्यांचा हात धरून ओढून आणलं आणि सुजाताजवळ उभं केलं. पांढरी साडी, केसांत मोगरा, वडिलांच्या खांद्याला जेमतेम लागणारी पोर. तिने मान वर करून म्हटलं, "बाबा, आज तरी सरळ उभे राहा नं." ते हसले. दात दिसतील असं हसले. आडवा फोटो घेतला, दोघं कमरेपर्यंत. बापलेकीचा एकत्र असा तो एकच फोटो.

अल्बमचं आमच्याकडे एक ठरलेलं असतं. शेकडो फोटोंतून अल्बममधे कोणते घ्यायचे ते घरच्यांनी निवडायचं आणि नवरी माहेरी आल्याशिवाय कोणी निवडायचं नाही. सुजाता कारंज्याला दिली होती. फोनवर म्हणाली, "काका, दिवाळीले येतो तवा निवडतो. माह्याबिगर कोणी हात लावू नका." कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या लग्नासाठी पुसलं होतं; सारे फोटो माझ्या कॉम्प्युटरवर वाट पाहत राहिले. डी ड्राइव्हमधे.

पावसाळ्यात माझा कॉम्प्युटर रखडायला लागला. इंगोलेभाऊंनी कान लावला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मग पट्टी चिकटवून आकडा लिहिला आणि मला बजावलं, "हिच्या पोटात खडे वाजून राह्यले. नवी डिस्क आण, मी सारं उतरवून देतो. तवरोक हिले चालू करू नको. एकदाबी नाई. अन् विंडोज मारायचं तं मनातबी आणू नको." मी ऐकलं, म्हणजे अर्धं ऐकलं. कॉम्प्युटर बंद ठेवला, लॅपटॉपवर काम चालवलं. नवी डिस्क आज आणू, उद्या आणू करत महिना गेला. त्यात अडचण कसलीच नव्हती. नुसता आळस होता, आणि मी त्याला दुसरं नाव देणार नाही.

दिवाळीला अठरा दिवस होते. सुजाताला ताप आला, अकोल्याला नेली आणि चौथ्या दिवशी ती गेली.

दुकान बंद होतं. मी घरी भेटायला गेलो तर इंगोलेभाऊ ओट्यावर बसलेले. माझा हात धरून एवढंच बोलले, "जलदान विधीले फोटो लागते तिचा. अन् गड्या, तो आमचा दोघायचा फोटो... तो मले पाह्यचा हाय." मी म्हटलं, उद्या आणतो. त्या माणसाला त्या वेळी कसं सांगणार होतो, की तुम्ही सांगितलं होतं ते मी महिनाभर केलंच नाही?

तिथेच सांगायला हवं होतं. ते तसल्या दुःखातही उठून आले असते हे मला आज ठाऊक आहे, त्या दिवशीही ठाऊक होतं. पण लाज वाटली. सकाळी स्टुडिओत आलो आणि कॉम्प्युटर चालू केला. विंडोज येईना. काळा पडदा आणि आतून टक, टक, टक. मी म्हटलं, सीमधली विंडोज गेली असणार, डी आपला सुरक्षित आहे. पेनड्राइव्ह लावला आणि विंडोज मारायला घेतली. अडुसष्ट टक्क्यांवर ते अडकलं. अर्धा तास आकडा हलेना. प्लग काढला, पुन्हा लावला, पुन्हा सुरू केलं. एकोणचाळीसवर अडकलं. पुन्हा. मग बारावर. आता तरी समजावं की नाही? नाही. दर वेळी वाटायचं, या खेपेला होईल. गावातल्या सगळ्या गिऱ्हाइकांची अक्कल त्या दिवशी माझ्या एकट्यात शिरली होती. दुपारी तीनला डिस्क दिसेनाशीच झाली.

जलदान विधीला कोणाच्यातरी मोबाइलमधला, गर्दीतला, हललेला फोटो मी मोठा करून नेला. इंगोलेभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तो मेणबत्तीमागे टेकवला.

दुकान उघडलं त्या दिवशी मी डिस्क घेऊन गेलो. "आपोआप बंद पडली भाऊ," मी म्हटलं. त्यांनी ती आपल्या मशीनला जोडली आणि कान लावला. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ तेवढी दिसत होती.

"किती येळा चालू केली?"

"एकदाच."

त्यांनी पडद्यावर डिस्कच्या पोटातला आकडा काढला. डिस्कवरची चिकटपट्टी माझ्यापुढे धरली. मग कागदावर वजाबाकी मांडली, शाळेतल्या पोराला दाखवावी तशी, आणि कागद माझ्याकडे सरकवला. सतरा.

"सतरा येळा," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "पह्यल्या येळेले तिच्यात सारं होतं. दर येळेले वाचनारी सुई ताटावर घासली. अन् तू खोटं कायले बोलला? मले का कान नाईत?"

मी सारं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पंजा वर केला, गिऱ्हाइकाला करत तसा.

पुढच्या तीन दुपारी मी त्यांच्या स्टुलावर बसून होतो. डिस्क मशीनच्या बाहेर ठेवून तिच्यावर टेबलफॅन लावला होता. विंडोजला जवळ येऊ न देता, नुसतं वाचणारा एक प्रोग्राम त्यांनी चालवला. दहा मिनिटं वाचायचं, आवाज बदलला की थांबायचं, डिस्क थंड होऊ द्यायची, पुन्हा दहा मिनिटं. त्यांनी एकच फोल्डर मागितलं, सुजाताच्या लग्नाचं. "बाकी लोकायचं मंग पाहू," ते म्हणाले. "आज मी बी गिऱ्हाईक हाय." एरवी इतक्या वर्षांत मी त्यांना स्वतःचं काम आधी घेताना पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी हळदीचे अकरा फोटो आले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगती आल्या, कोण कुठली माणसं पुरी खात होती. सुजाता कुठेच नाही. मला त्या पुरी खाणाऱ्यांचा संताप आला.

तिसऱ्या दिवशी तो फोटो आला. फोटो वरून खाली उमटतो. आधी मांडवाचा निळा कपडा दिसला. मग इंगोलेभाऊंचे केस, कपाळ, डोळे, ते हसणं, हनुवटी. त्यांच्या खांद्यापाशी मोगऱ्याचा गजरा उमटला, भांग उमटला, कपाळ, भुवयांच्या वरच्या कडा. आणि तिथून खाली सगळं राखाडी. तिचे डोळे नाहीत, तोंड नाही, साडी नाही. आतून एकदा खर्र झालं आणि डिस्क थांबली ती कायमचीच.

इंगोलेभाऊ पडद्याकडे वाकले. "माहं थोबाड पुरं आलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून खरंच विचारलं, जणू मला उत्तर ठाऊक असेल, "तिचं काहून नाई आलं बे?"

मी रडलो. ते रडले नाहीत. पंखा बंद करून त्यांनी वायर गुंडाळली.

तो फोटो त्यांनी माझ्याकडूनच छापून घेतला, तसाच, राखाडीसकट, आणि घरात फ्रेम करून लावला. चहा बंद झाला. चार-पाच महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेही थेट नाही. कोणी पायरीवरून "विंडोज मारून द्या" म्हटलं की ते माझ्या दुकानाकडे बोट करत, "त्या फोटोवाल्याले इचार. त्यानं सतरा येळा मारली." गिऱ्हाईक हसे, मीही हसल्यासारखं करी. मला ते बोलणं हवंसं वाटायचं. गप्प राहण्यापेक्षा बरं होतं. एका उन्हाळ्यात चार वाजता भिंतीपलीकडून अर्धा कप आला आणि आम्ही पुन्हा चहा पिऊ लागलो. माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. आता मी प्रत्येक लग्न तीन ठिकाणी ठेवतो आणि नवरीला मांडवातच सांगतो, बाई, आठ दिवसांत निवड. लोकांना वाटतं फोटोवाला घायकुतीला आला आहे.

मागच्या वर्षी डिसेंबरात इंगोलेभाऊ गेले. दुकानातच, एका उघड्या मशीनवर वाकलेले होते. गिऱ्हाइकाला वाटलं, कान लावून ऐकून राहिले आहेत. ते गिऱ्हाईक बराच वेळ गप्प उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, स्टुडिओत आल्या. पदराखाली भिंतीवरची फ्रेम होती. "हाच एक फोटो हाय त्यायचा," त्या म्हणाल्या. "हासून राह्यले याच्यात." फोटो पडद्यावर घेतला आणि सवयीने त्यांच्या चेहऱ्याभोवती चौकट ओढली. नीट बसत होती. फक्त खांद्याशी चौकटीची रेघ गजऱ्यावरून जात होती. माझा हात थांबला.

"तिले कापू नका," वहिनी मागून म्हणाल्या.

"वहिनी, खाली सगळं राखाडी आहे. लोक विचारतील."

"इचारू द्या."

चौकट काढून टाकली. अख्खा फोटो मोठा केला, काचेत बसवला आणि जलदान विधीला स्वतः नेऊन ठेवला. समोर मेणबत्ती, पांढरी फुलं. मी मागे सतरंजीवर बसलो होतो. बाजूला कोणी एक लांबचे पाहुणे होते, मला न ओळखणारे. फोटोकडे पाहत पाहुणे हळूच मला म्हणाले, "चांगला फोटो होता बाप्पा. फोटोवाल्यानं बिघडवला वाटते."

"हो," मी म्हटलं. "त्यानंच."